पित्त, पापलेट आणि सपनाकाकी

वेसावे, रविवार

ती. अंजनाआत्याला कल्पिताचा पाया पडून नमस्कार.

तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून; आणि माझ्यामुळे आता बाकीचेही नाहीत. (फोनच केला असता, पण आई तो स्पीकरवर टाकते आणि मग अर्धा कोळीवाडा हॅलो म्हणतो.)

महिनाभर माझ्या अंगावर पित्त उठतंय. खाजवून खाजवून हात लाल. आई म्हणाली, नजर लागली. तिने मीठ-मिरच्या उतरवून जाळल्या, तर त्या धुराने बाबा असे खोकले की त्यांचीही दृष्ट काढावी लागली. अंधेरीच्या डॉक्टरांनी मात्र काय खातेस ते विचारलं. मी खरं ते सांगितलं: सकाळी जवळा, दुपारी बोंबील, रात्री त्यातलं उरेल ते. ते म्हणाले, पंधरा दिवस मासे बंद, मग बघू.

घरी हे ऐकून बाबा ताटावरून उठले. "कोळ्याच्या पोरीला म्हावऱ्याची ॲलर्जी? मग मला समुद्राची असंल!" तरी मी पथ्य पाळलं (माझ्याने गोळीच्या पाकिटावरची सूचनासुद्धा मोडवत नाही, तुला माहीत आहे). आई बिचारी वेगळा वरणभात लावू लागली आणि त्या फोडणीचा वास शेजारच्या सपनाकाकीला गेला. आता आपल्याकडे मासे कोण सोडतं? एक तर देवाच्या वारी, नाहीतर सुतकात. रोज काही देवाचा वार नसतो आणि आमच्याकडे कोणी गेलेलंही नाही. म्हणून काकीने जाळी शिवणाऱ्या बायकांत तिसरं कारण काढलं, "हरेश्वरची पोर घासफूसवाल्यांच्या घरात पडणार. आतापासून सवय करतेय!" संध्याकाळी ते बाबांच्या कानावर आलं. बाबा जेवले नाहीत, आई रडली आणि माझं पित्त पायापर्यंत उतरलं. पोटात माशाचा काटाही नसताना!

तपासण्यांतही माशांचं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "अंगात पित्त आहेच. काळजीने ते उठतं, आणि घरात रोज चौकशी बसली की बसत नाही. कसली काळजी आहे का?" आई शेजारीच होती. मी "नाही" म्हटलं आणि तिथल्या तिथे मानेवर गांध उठली. डॉक्टर मानेकडे बघत राहिले. आई म्हणाली, "एसीमुळे असंल."

आता मी पुन्हा मासे खाते, पण बाबा अजून बोलत नाहीत. गुडघ्यांना जप.

तुझी खाजरी भाची,
कल्पिता

ता.क. मी शाकाहाराची सवय करत होते हे साफ खोटं आहे. बाबा तुझंच ऐकतात, एवढं त्यांना सांग.

ता.क. २ मुलगा मात्र आहे. हितेश, घाटकोपरचा. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. हेही तूच सांग. येत्या रविवारी त्याला घेऊन तुझ्याकडे मढला येते. बाबांनाही जेवायला बोलाव.

ता.क. ३ पापलेट तळ. हितेश चोरून खातो (घाटकोपरला कळता कामा नये). चार-चार तुकडे खातो, अंगावर साधा पुरळ नाही. त्याला खाताना बघून मला उठतं. माझ्या गोळ्या मी आणतेच आहे. बाबांपुरत्याही आणते.