वूफर बंद करून पाहिलं

प्रबुद्ध,

ड्यूटीवरून आलास की घर रिकामं दिसेल, घाबरू नकोस. उत्पलाला घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले आहे. अकराची वेळ मिळाली आहे.

काल तू नवा अँप्लिफायर आणि वूफर जोडलास आणि ती लगेच फरशीवर हात टेकून डोलायला लागली. तू म्हणालास, "बघ, बापाचा कान घेतलाय पोरीनं." मीही हसले, पण मनात खटकलं. ते दाराएवढे चपटे स्पीकर तर सहा महिने वाजताहेत, त्यांच्याकडे तिनं कधी वळूनही पाहिलं नाही.

म्हणून आज सकाळी वूफर बंद केला, तेच गाणं नुसत्या स्पीकरवर मोठ्यानं लावलं आणि तिच्या पाठीमागे उभी राहिले. ती आपली खेळत राहिली. वूफर चालू केल्याबरोबर हात फरशीवर. तीनदा करून पाहिलं. तिला गाणं ऐकू येत नाही रे, फरशीची थरथर कळते.

आईंना इतक्यात सांगू नकोस. "आमचा प्रबुद्धपण उशिराच बोलला," म्हणतील आणि मला पुन्हा गप्प बसावं लागेल. या वेळी मी गप्प बसणार नाही.

चौदाव्या महिन्यात कळलं तर खूप काही करता येतं, मी नीट वाचलंय. आपण करू.

कुकरमध्ये खिचडी आहे, खाऊन ये. तिथं आलास की मागून हाक मारू नकोस. समोर येऊन बस, म्हणजे ती हसेल.

स्वप्ना