कासवाच्या मागच्या सीटवरची हळद

५ मार्च

"आष्टी–आलापल्ली रस्त्याकडेला राहून रोज लाल धूळ गिळणाऱ्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो! रस्ता झाला आपल्या नावानं, आणि त्यावर राज्य खाणीच्या ट्रकांचं. आपली सायकल कडेला, आपली बैलगाडी कडेला, आपली लेकरं कडेला. किती दिवस असं कडेकडेनं जगायचं?"

अहेरीच्या सभेसाठी एवढं लिहून झालं. बरं उतरलंय. मग आठवलं, एक वाहन राहिलंच. माझी जुनी मॉरिस मोटार. ती तर कडेलाही थांबली नाही, थंडीत एका ट्रकनं दाबली आणि सरळ नालीत गेली. ट्रकवाल्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. गावच्या बैलांनी ओढून काढली.

हे सभेत सांगणार नाही. लोक म्हणतील, बाई स्वतःचंच रडगाणं गाते.

८ मार्च

मुकुंदचा फोन, पुण्याहून. "आई, तू शब्द दिला होतास."

दिला होता, गाडी विकण्याचा. नालीतून बाहेर आल्यावर, खांदा बांधलेला असताना. अशा वेळी माणूस काहीही देऊन टाकतो. नागपूरचे एक गृहस्थ जुन्या विलायती गाड्या जमवतात, ते महिनाअखेरीला बघायला येणार.

मी आवाज चढवला. तो म्हणाला, "आई, समोर सभा नाहीये. मी आहे. रात्री फोन वाजला की आधी तुझा अपघातच डोळ्यांपुढे येतो."

आवाज थेट त्याच्या बापाचा, श्रीधरचा. सगळ्या विरोधकांशी भांडले आजवर, या आवाजाशी नाही जमत.

१३ मार्च

बाजार, गिरणी, पोस्ट. रोजच्यासारखं मॉरिसनंच. किल्ली फिरवली की आधी बॉनेटखालच्या पेट्रोलच्या पंपाची टिकटिक. ती थांबली की स्टार्टर ओढायचा. ही टिकटिक ऐकली की श्रीधर घरात चष्मा शोधायला लागायचा. गाडी त्याची, चालवायची मी. त्याला गिअर कधी वेळेवर सापडला नाही.

वळताना दाराशेजारच्या खांबातून इशाऱ्याची नारिंगी पट्टी बाहेर येते. आजही शाळेजवळ पोरं ओरडली, "कासवानं कान काढला!" उभा तालुका हिला कासव म्हणतो आणि मला कासववाली बाई. जन्मभर भाषणं केली, नाव मिळालं ते गाडीमुळं.

श्रीधर होता तेव्हा मागच्या सीटवर गावोगाव वाटायच्या पुस्तकांच्या पेट्या असत. पावसाळ्याआधी हेमलकशाच्या बाजूला शेवटची फेरी. झाडाखाली श्रीधर मोठ्यानं वाचायचा. समजलं तर माणसं हसायची, नाही समजलं तर जास्त हसायची. परतताना पेट्या रिकाम्या आणि मागं हमखास कुणाची तरी नवरी, सासरी सोडायला. सीटवर हळदीचा पहिला डाग पडला, तेव्हा मी फडकं घेऊन धावले. श्रीधर म्हणाला, "राहू दे. आपण कचेरीत सह्या करून मोकळे झालो. हिच्या नशिबी तरी हळद असू दे."

नंतर किती डाग पडले. पुसला एकही नाही.

२१ मार्च

आज फजिती. ट्रक सुरू व्हायच्या आत अहेरी गाठावी म्हणून उजाडता निघाले. आष्टीच्या पुढं टिकटिक बंद, गाडी बंद. मागून येईल तो उडवेल, या भीतीनं दोन सायकलवाल्यांकरवी ढकलून एका मोहाच्या झाडाखाली घेतली. छान झाडून काढलेली जागा. इतकं स्वच्छ अंगण जंगलात कुठून आलं, हा विचार मला शिवलाही नाही. मला! मोहावर इतकी वर्षं बोलणारीला!

टोपली घेऊन एक बाई धावत आली.

"काऊन वो बाई, दिसत नाई का तुमाले? गाडी हाये का रानडुक्कर?"

चाकांखाली पहाटे गळलेली मोहाची फुलं; ती वेचायलाच अंगण झाडलेलं. पिवळा चिखल झालेला. झाड तिच्या सासऱ्यापासून त्यांचं. नाव सोमी.

मी माफी मागितली. जरा लांबली बहुतेक. तिनं डोळे बारीक केले. "तुमी त्या कासववाल्या बाई नं? अहेरीले मोहावर भाषण देल्लं होतं. लय टाळ्या पडल्या."

"हो."

"मंग टाळ्या झाल्या. आता वेचा."

दुसऱ्याची फुलं तुडवणाऱ्यानं टोपलीभर वेचून द्यायची, असा म्हणे नियम. मी कधी ऐकला नव्हता. तिनं जागीच काढला असावा. वेचली. कंबर मोडली. सोमी शेजारी वाकून वेचत होती, मधून मधून माझ्या टोपलीत बघून, "पानं नोका टाकू. बकरी नाई खानार हाये."

मग चपलेच्या टाचेनं पंपाला दोन दणके दिले. टिकटिक सुरू. सोमी पोट धरून हसली. "तुमच्या गाडीलेबी मारल्याबिगर समजत नाई!"

टोपल्या मागच्या सीटवर ठेवून तिला घरी सोडलं. उतरताना सीटवर हात फिरवून म्हणाली, "हे हळद कोनाची?"

"खूपजणींची."

पुन्हा सीटच्या कडेला टेकली. मग, "माह्या मोठ्या बहिनीले याच कासवानं सासरी नेल्लं. मी लहान होती. मले बसू नाई देल्लं, जागा नव्हती. आता माह्या लेकीचं लगन हाये, मोह सरल्यावर. न्याल का?"

हो म्हणून बसले.

अहेरीला सभा अर्धी झाली होती. चौकीवर पोलिसानं खिडकीत नाक घातलं. "बाई, सकाळी सकाळीच?" मोहाच्या फुलांचा वास, त्याला दारूचा वाटला! श्रीधर असता तर हसून हसून...

३० मार्च

नागपूरचे गृहस्थ आले. भला माणूस. बॉनेटवरून असा हात फिरवला, जसा कुणी झोपलेल्या मुलावरून फिरवतो. वाईट वाटायला काही कारणच ठेवलं नाही. म्हणाले, "ताई, हॉलमध्ये राहील. पुन्हा धुळीचा कण लागू देणार नाही."

मागचं दार उघडलं. नाक आक्रसलं. "वास जाईल. आणि हे डाग... सीट पूर्णच नवी करू."

मी चहा ठेवायला आत गेले. बराच वेळ आतच होते.

होकार दिला नाही. नकारही नाही. मुकुंदनं फोनवर दिला. होकार.

९ एप्रिल

सोमीचा निरोप. नवरी निघायची वीस तारखेला, दुपारी. तासाभरानं मुकुंदचा. गाडी न्यायला ट्रक येणार वीस तारखेला, सकाळी.

दोन शब्द दिलेत. दोन्ही माझेच. व्यासपीठावर मी काय म्हणत आले? शब्द मोडणाऱ्याला जाब विचारा. आता विचारा म्हणावं.

१४ एप्रिल

गाडी काढून मार्कंड्यापर्यंत जाऊन आले. येताना ट्रकला वाट देताना स्टिअरिंग वळवलं आणि खांद्यातून कळ गेली, डोळ्यांपुढं अंधार. कडेला थांबून राहिले. मुकुंद चुकीचं बोलत नाही. नवरीला मागं बसवून हा रस्ता मी एकटीनं करणं बरोबर नाही. निरोप आल्यापासून हे लिहायलाच पाच दिवस लागले.

वैनगंगेची वाळू दिसत होती. तिथंच मुकुंद गाडी शिकला. श्रीधर मागं बसून घाबरायचा, मी शेजारी बसून ओरडायची. पहिला गिअर पडला तेव्हा पोरानं आनंदानं दोन्ही कान बाहेर काढले, डावा आणि उजवा, लागोपाठ.

१६ एप्रिल

मुकुंदला पाठवायला भाषण लिहिलं. चार पानं. फाडलं. मग हे पाठवलं:

"मुकुंद, तुझं खरं आहे, ही गाडी आता माझ्या खांद्याची राहिली नाही. विकायची की ठेवायची, ते आपण नंतर बोलू, भांडू. ट्रक एक दिवस थांबव. एकोणीसला तू ये. वीसला मागं सोमीची लेक असेल, तिच्याजवळ सोमीलाही बसव, तिची एक फेरी राहिली आहे. मी शेजारी बसते, ओरडणार नाही. तू चालव."