छातीची साखर

मंगळवार, १२ जानेवारी १९३७

सोल्रूनचा खोकला हटत नाही! चार वर्षांचं पोर, नुसती ढास. डोंगरावरचं शेवाळ दुधात उकळून पाजलं—काही उपयोग नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ब्र्योस्तसिकुर दे तिला. नाव काय उगीच पडलंय?" ब्र्योस्त म्हणजे छाती, सिकुर म्हणजे साखर. जन्मभर ही साखरेची गोळी मागत आले, शब्द कधी उकलून पाहिला नाही! एरवी मी ही चैन घरात येऊ देत नाही. आज आणली. खर्चाच्या वहीत ‘औषध’ म्हणून लिहिली.

शुक्रवार, १५ जानेवारी

पाद्रीसाहेब कॉफीला आले होते. त्यांना गोळीच्या नावाचं विचारलं. म्हणाले, शब्द डॅनिश व्यापाऱ्यांबरोबर आला. पूर्वी औषधवाले छातीसाठी औषधी पाला घालून साखर आटवायचे. पुढे पाला गेला, साखर उरली, नाव तेच.

माझा नवरा एगिल हसला— "दुकानदाराला सांगू नका हं, उद्यापासून औषधाचा भाव लावेल!" याला कशाचीही थट्टा सुचते. जुनी माणसं काय वेडी होती?

सोमवार, १८ जानेवारी

गोळीची धार पोरीच्या जिभेला लागते. म्हणून सासूबाई आधी स्वतः चोखून गुळगुळीत करतात, मग तिला भरवतात. "माझ्याही छातीला तेवढंच बरं." त्यांचा खोकला जुना, म्हातारपणाचा. एका गोळीत दोघींचं भागतं. देवा, तुझीच कृपा.

रविवार, २४ जानेवारी

पोरीला ताप. चर्चला गेले नाही.

मंगळवार, २६ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. क्षयाचा संशय!

"घरात आणखी कोण खोकतं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची थुंकी तपासायला द्या."

"माझी? अहो, माझं काय राहिलंय आता! पोरीचं बघा."

मग डॉक्टरांनी विचारलं, खोकल्यावर काय काय दिलं. मी गोळीचं सगळं सांगितलं. ते बॅगेचा पट्टा आवळत बसले.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

अकुरेरीच्या इस्पितळातून थुंकीचा निकाल आला. सासूबाईंना क्षय—बराच जुना. सोल्रूनला त्यांच्याकडूनच. तिच्या छातीत डाग आहे, लहान आहे. "भरून येईल कदाचित," डॉक्टर म्हणाले. कदाचित!

सासूबाईंना तिथेच न्यायचं. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला तरी काय ठाऊक होतं?" त्या भिंतीकडे वळून झोपल्या.

शनिवार, १३ फेब्रुवारी

बोटीत चढताना सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून रक्त पडतंय गं. रुमाल चुलीत जाळायचे मी. कळलं असतं, तर पोरीपासून तोडलं असतं मला."

घरी एगिलने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. म्हणाला, "आईसाठी म्हण."

मी उठून आत गेले.