टाकीतली कासवी

६ जाने.
पहाटे दिनेशच्या जाळ्यात कासव. जिवंत, पण पुढचा पाय दोरीनं कापलेला. होडी किनाऱ्याला लागते न लागते तोच सासूबाई हळदकुंकू घेऊन हजर. "देवळात पहिला हात ह्यालाच लावतो ना आपण? पूजा करा नि आल्या पाण्यानं सोडा. देवाला कोंडायचं नसतं." दिनेश म्हणाला, "आई, असं सोडलं तर मरेल." मग दोघं माझ्याकडे बघायला लागली.

७ जाने.
सा.बाई देवीला कौल लावून आल्या. फूल उजवं पडलं, म्हणजे ठेवा. तोंड एवढंसं. पण वनखात्यानं शेडमध्ये टाकी आणून ठेवली, तिच्यावर सावलीला स्वतःचं लुगडं बांधलंन. डॉक्टरांनी टाके घातले. मादी आहे, पोटात अंडी असावीत म्हणाले.

११ जाने.
देवाची आता 'बाय' झालीय. सा.बाई रोज दुपारी टाकीशी बसून बोलतात. आज कानावर आलं, "माझा मोठा पण पाण्यावरच गो. बोटीवर नोकरी. तीन गणपती झाले, आला नाय." भावोजींचं माझ्याशी कधी एवढं बोलल्या नाहीत.
नंतर मला म्हणाल्या, कासवी पिलांना पाजत नाही, लांबून नुसत्या नजरेनं वाढवते. वनखात्याचा माणूस कालच सांगून गेला, अंडी घातली की मादी मागे वळूनही बघत नाही. सांगणार होते, राहू दिलं.

१२ जाने.
बोललेच शेवटी. वाटलं चिडतील. हसल्या. "अगो, तुझ्या आईला संगमेश्वरासून तू दिसतेस काय? तरी तू जेवलीस की नाय तिला कळतं ना?"
दुपारी आईला फोन. पहिला प्रश्न, "जेवलीस?"

२४ जाने.
जखम भरली. डॉक्टर म्हणाले, सोडा. अख्खी वाडी किनाऱ्यावर. वाळूत ठेवली तर हलेचना. सा.बाई वाकून म्हणाल्या, "जा बाय. आमची काळजी करू नको." एका लाटेला मान वर केली, पुढच्या लाटेत नाहीच. "ते बघ डोकं!" दिनेश ओरडला. मला लाकूड वाटलं. असू दे.

२५ जाने.
भावोजींचा मेसेज. सुट्टीचा अर्ज टाकलाय, शिमग्याला जमेल बहुतेक, आईला एवढ्यात सांगू नका. दिनेश पण म्हणतो थांब, मंजूर होऊ दे.
सा.बाई ओटीवर सुके बोंबील निवडतायत, काहीतरी गुणगुणत. दोनदा त्यांच्यापर्यंत जाऊन परत आले. आता चहा घेऊन जातेय.