ओल्या रंगाचं यान

ताई,

कुलूप काढलंस की दार सताड उघडं टाक आणि जरा बाहेरच थांब. दिव्याचं बटण दाबू नकोस, चहाची कितीही तल्लफ आली तरी गॅस पेटवू नकोस. बैठकीत रंग पातळ करायच्या थिनरची अख्खी बाटली सांडली आहे. खिडक्या मी उघडल्यात, पण वास अजून भिंती धरून बसलाय.

बाबा त्या वासाने बेशुद्ध पडलेत, त्यांना चौकापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय. शेजारच्या काकांनी गाडी काढली आहे. श्वास चालू आहे. तुझं नाव घेतलं की पापणी हलते. तुझा फोन लागेना, म्हणून ही चिठ्ठी दाराला.

तू येणार म्हणून सकाळपासून ते तुझं अर्धवट राहिलेलं अंतराळयानाचं मॉडेल रंगवत होते. तेच, लांब मानेचं, ज्याच्या रंगावरून तुम्ही दोघं भांडलात आणि तू गेलीस. ओल्या रंगावर धूळ बसली की यान म्हातारं दिसतं, असं तूच म्हणायचीस ना? म्हणून त्यांनी खिडक्यांच्या फटींनाही चिकटपट्टी लावली होती. मी कामावर होतो. निघताना वाटलं, रमलेत तर रमू देत.

बोल कुणाला लावायचा ते नंतर बघू. त्यांच्या औषधांची फाईल तुझ्या खणात असेल, हल्ली सगळं तिथेच ठेवतात. तेवढी घे आणि तशीच ये.

यानाला मात्र हात लावू नकोस. तू म्हणाली होतीस तोच चंदेरी रंग दिलाय, अजून ओला आहे. पंखावर त्यांच्या चार बोटांचे ठसे उमटलेत, पडताना धरलं असावं. ते पुसू नकोस.

तुझा धाकटा