पेढ्याच्या वाटीत फुटाणे

बोरगाव मेघे, वर्धा

चि. आकांक्षास, आईचे पोटभर आशीर्वाद (यात साखर नसते, बिनधास्त घे).

आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत विचारली की मेलबर्नची रेंज नेमकी तेव्हाच जाते, म्हणून कागद घेतला. गरोदरपणात साखर निघाली असं तू रडत सांगितलंस आणि मी पटकन म्हणून बसले, ‘आपल्या घरात कोणालेच नाई, हे तिकडच्या खाण्यानंच झालं.’ तेव्हापासून तू माझ्याशी फक्त हवामानावर बोलतेस. भीतीनं अर्धपोटी राहतेस, हे जावईबापूंनी सांगितलं. मला फार लागलं.

तरी रविवारी तुझं डोहाळजेवण केलंच. तू फोन उचलला नाहीस, म्हणून पाटावर तुझा फोटो ठेवला (दहावीच्या ओळखपत्राचा, दुसरा सापडला नाही). फुलांचा मुकुट, बाजूबंद झाल्यावर उरलेला गजरा शेजारच्या मंदाबाईंनी हौसेनं फोटोच्या गळ्यात घातला. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या देवकाबाई आल्या. पोरीला शुगर निघाली एवढंच त्यांनी ऐकलेलं. दारातच बसकण मारून त्यांनी हंबरडा फोडला, ‘कधी झालं व हे? मले कोणी सांगतलं काऊन नाई?’ त्यांना चहा पाजून गप्प करण्यात अर्धा तास गेला.

तुला गोड नाही तर आम्हालाही नाही, असं मी ठरवलं होतं. त्यामुळे झाकलेल्या दोन वाट्यांत पेढा-बर्फीऐवजी फुटाणे आणि शेंगदाणे. तुझ्या वतीनं मंदाबाईंनी वाटी उघडली, फुटाणे निघाले. आता फुटाणे म्हणजे मुलगा की मुलगी? मंदाबाई मुलगा म्हणाल्या, देवकाबाई (डोळे पुसून) मुलगी. भांडण वाढलं. शेवटी मूल होणार एवढ्यावर मिटवून सगळ्यांनी दोन्ही वाट्या संपवल्या.

गल्लीतली जागृती दवाखान्यात नर्स आहे, ती साखरेचं मशीन घेऊन आली होती. ती म्हणाली, ही साखर कोणत्याही बाईला निघू शकते, वेळेवर कळली की सांभाळता येते. फक्त उपाशी राहायचं नाही. तेव्हा तिकडच्या आहारवाल्या बाईंना ज्वारीची भाकरी म्हणजे काय ते नीट समजावून सांग, आणि त्या सांगतील तेवढी खा.

तुझी आई,
छाया

ता. क. डिंकाचे लाडू पाठवत नाही. तुझ्या बाबांनी ‘वाया कायले घालवतं’ म्हणत डबा रिकामा केला.

आणखी ता. क. सुई दुखत नाही हे बायकांना दाखवायला पहिलं बोट मीच पुढे केलं होतं. आकडा दोनशे सत्याऐंशी. दुसऱ्या दिवशी लॅबमध्येही साखरच निघाली. म्हणजे आपल्या घरात कोणाला नाही, असं नाही. कोणी तपासलंच नव्हतं. तुझी काही चूक नाही, बाळा. मी बोलले ते विसर.

तुला तिकडे दिलेला खाण्याचा तक्ता मराठीत लिहून मला पाठव. आणि रोज फोन उचल. तुझा आकडा तू सांग, माझा मी सांगते. जिचा कमी, तिनं दुसरीला रागवायचं.