बेटांवर न पोहोचलेला स्वेटर

बाबा, तुम्ही बोटीवरून आणलेला राखाडी स्वेटर अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचं घड्याळ बंद पडलं, पत्र्याची पेटी गंजली, पण ती लोकर अजून टोचते. रत्नागिरीच्या उकाड्यात तुम्ही तो मला दिलात तेव्हा मी म्हणालो होतो, "ह्याची काय उशी करू?" कधी नव्हे ते तुम्ही रागावलात. "थट्टा नको. अंगात घाल, बघू दे." मी घामाने निथळत उभा आहे आणि तुम्ही माझे खांदे, दंड चाचपून बघताय. आईने कुठे घेतला विचारलं, तर म्हणालात, "बाजारात. स्वस्त मिळाला."

खरं काय ते मी अमेरिकेला निघालो तेव्हा विमानतळावर सांगितलंत, आई जरा लांब गेल्यावर. तुमची बोट गहू भरायला अर्जेंटिनाच्या बंदरात लागली होती. तिथे खलाशांचे कपडे धुणाऱ्या बाईचा मुलगा, माझ्याच वयाचा, बेटांवर लढायला गेला होता. बेटं कोणाची यावरून त्यांची ब्रिटनशी जुंपली होती. तिकडे थंडी फार, म्हणून ती विणायला बसली. युद्ध एवढंसं, की दुसरी बाही व्हायच्या आत संपलंसुद्धा. मुलगा परत आला नाही. तिने बाही तरी पुरी केली, आणि तुमच्या पाकिटातला माझा फोटो बघून स्वेटर तुमच्या हातात ठेवला. "नाही कसं म्हणणार?" तुम्ही म्हणालात. "आईला सांगू नकोस. गेलेल्याचा कपडा ती घरात ठेवायची नाही."

मला हसू आलं होतं. शिकलासवरलेला माणूस मी, असल्या गोष्टी कशाला मानतोय. इथे अमेरिकेत, श्रूजबरीला, कित्येक हिवाळे मी त्याच स्वेटरवर काढले, दारातला बर्फ त्यातच उपसला. त्या मुलाची आठवणसुद्धा फारशी येत नसे.

मग इथेच जन्मलेला आमचा मुलगा शाळा संपल्यावर सैन्यात भरती झाला. मी ओरडलो, बायको रडली. "बाबा, इट्स डन. आय साइन्ड," एवढंच तो म्हणाला. इराकला जायच्या आधी सुट्टीवर आला, तेव्हा कपाटातला स्वेटर घालून आरशापुढे उभा राहिला. खांद्याला अगदी बरोब्बर.

"हा मी नेऊ? नाइट्स आर कोल्ड देअर."

मी पुढे होऊन बाही धरली. "नको. टोचतो तो."

"आय डोन्ट माइंड."

"काढ म्हणतो ना."

त्याने तो काढला, घडी घालून पलंगावर ठेवला. आजोबांची वस्तू म्हणून मी देत नाही, असं त्याला वाटलं असणार. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही.

बाबा, तुम्ही तो माझ्या अंगावर कसा चढवलात? भीती नाही वाटली? इतकी वर्षं मी समजत होतो, तुम्ही माप बघत होतात. आता वाटतं, मी धड आहे ना, हेच चाचपत होतात.

मुलगा गेल्या आठवड्यात इराकला रवाना झाला. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगून टाकतो. तो गेल्यापासून रोज संध्याकाळी मी तो स्वेटर घालून बसतो. पोट सुटलंय, बटणं लागत नाहीत. घरात हीटर, अंगाला घाम. त्या लोकरीमागून काही यायचंच असेल, तर ते माझ्याकडे येऊ दे. बायको विचारते, तेव्हा म्हणतो, थंडी वाजते.